पट्टा तुमचं ऐकेल का? ट्रेडमिलची दोनशे वर्षांची चाल

दोन प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतात. पहिला पन्नाशी-साठीतल्या पेशंटचा: ‘डॉक्टर, टीएमटी सांगितलीय. त्या पट्ट्यावर मला झेपेल का?’ दुसरा त्यांच्या मुला-नातवंडांचा: ‘डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट लावून, कुठल्याही दिशेला चालता येईल अशी ट्रेडमिल निघालीय म्हणे. आजोबांचा तोल जातो, घराबाहेर पडायला घाबरतात. त्यांना त्यावर चालवलं तर?’

दोन्ही प्रश्न एकाच यंत्राचे आहेत, आणि त्यांची उत्तरं त्या यंत्राच्या इतिहासात सापडतात. म्हणून आज औषधगोळ्या बाजूला ठेवून थोडं मागे जाऊ.

जागच्या जागी चालण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. तेलाच्या घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच असतो, हे आपण म्हणीसारखं वापरतो. रोमन लोकांनी माणसांना मोठ्या पोकळ चाकात चालवून क्रेन फिरवल्या आणि जड दगड वर चढवले. मध्ययुगीन युरोपातली उंच चर्चही अशाच चाकांच्या मदतीने उभी राहिली. या सगळ्यात चालणाऱ्याला कुठे पोहोचायचं नव्हतं, त्याच्या पायांतली ताकद दुसऱ्या कुणाला तरी हवी होती.

पुढे या चालण्याची शिक्षा झाली. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगासाठी एक चाक बनवलं. लांबलचक, आडवं, बाहेरच्या अंगाला पायऱ्या असलेलं. कैद्यांनी ओळीने उभं राहायचं, वरच्या दांडीला धरायचं आणि खाली सरकणाऱ्या पायरीवरून पुढच्या पायरीवर पाय टाकत राहायचं. संपतच नाही असा जिना म्हणा. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असं मोठं चाक बसलं आणि त्यावर धान्य दळलं जाऊ लागलं. ‘मिल’ हा शब्द तिथूनच आला: पायाने चालवायची गिरणी. कित्येक तुरुंगांत तर पुढे दळायलाही काही नसे. चाक नुसतं हवा कापत फिरायचं, कारण हेतू पिठाचा नव्हता, दमवण्याचा होता. लेखक ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये शिक्षा झाली तेव्हा त्यालाही या चाकावर चढवलं होतं. इंग्लंडने १८९८ च्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढायला घेतली. आपल्याकडे मात्र त्यानंतरही अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांना बैलाच्या जागी कोलूला जुंपत होते. यंत्र वेगळं, पण विचार तोच.

आता डॉक्टरला या गोष्टीत रस का, ते सांगतो. १८५० च्या दशकात एडवर्ड स्मिथ नावाचा एक इंग्रज डॉक्टर लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात गेला. कैदी चाकावर असताना त्यांच्या शरीरात काय घडतं, हे त्याला मोजायचं होतं. तो स्वतःही चाकावर चढला. श्वास मिनिटाला किती, नाडी किती, उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो, हे त्याने नोंदलं. विश्रांतीच्या तुलनेत हे आकडे कितीतरी पटींनी वाढतात हे त्याला दिसलं. पुढे कैद्यांची लघवी तपासून त्याने आणखी एक गोष्ट दाखवली: एवढे कष्ट करूनही युरिया त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे स्नायू काम करताना मुख्यतः प्रथिनं जाळतात, ही त्या काळची पक्की समजूत चुकीची होती. आज जिममध्ये ‘प्रोटीनशिवाय ताकद येत नाही’ असं सांगणाऱ्यांना हा दीडशे वर्षांपूर्वीचा तुरुंगातला प्रयोग मी अधूनमधून ऐकवतो.

मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. चाकाचा वेग सगळ्यांना सारखा. पण पंचवीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या माणसाचं हृदय आणि क्षयाने खंगलेल्या माणसाचं हृदय सारखं नसतं. एकाच वेगाने एकाला घाम येतो, दुसऱ्याचा जीव जातो. चाक ऐकत नाही, आणि चालणाऱ्याला थांबता येत नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही दोन वाक्यं पुसण्याची धडपड आहे.

पहिली सुधारणा प्रयोगशाळेत झाली. बर्लिनमध्ये नाथान झुंट्झ या शरीरशास्त्रज्ञाने १८८९ च्या सुमारास मोटारीवर चालणारा पट्टा तयार करवून घेतला, तोही आधी घोड्यांसाठी. घोडा किती ऑक्सिजन वापरतो हे मोजायचं तर घोडा धावला पाहिजे आणि मोजायची उपकरणं जागेवर राहिली पाहिजेत. सरकता पट्टा हे त्याचं सरळ उत्तर. माणसं त्यावर नंतर चढली. हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र बराच काळ साधा उपाय वापरला. न्यूयॉर्कचे आर्थर मास्टर १९२९ पासून पेशंटला दोन पायऱ्यांच्या लाकडी ठोकळ्यावर चढ-उतार करायला लावत आणि नाडी व रक्तदाब पाहत. ईसीजीची जोड त्याला पुढे मिळाली.

तुम्ही जी टीएमटी करता ती रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयतज्ज्ञाची देणगी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी पट्ट्यावर काम केलं आणि १९६३ मध्ये आजही जगभर वापरली जाणारी टप्प्याटप्प्याची पद्धत मांडली. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा, म्हणजे भाजी घेत रमतगमत चालावं तसा. पण पट्ट्याला १० टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. चौथ्या टप्प्यात ताशी ६.७ किलोमीटर आणि १६ टक्के चढ येतो. तिथपर्यंत बहुतेकांना धाप लागलेली असते.

यात वेग अजूनही यंत्रच ठरवतं, पण मोठा फरक हा की आता थांबायचा अधिकार तुमचा आहे. छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय भरून आले तर ‘थांबवा’ म्हणायचं. समोर डॉक्टर किंवा तंत्रज्ञ ईसीजी आणि रक्तदाब बघत उभा असतो तो याचसाठी. ‘नापास होईन’ म्हणून दात-ओठ खात चालत राहू नका. ही परीक्षा तुमची नाही, तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची आहे, आणि तुम्ही कुठे थांबलात हेसुद्धा उत्तरच असतं. आणखी एक: समोरच्या दांडीवर भार टाकून लोंबकळू नका. बोटं टेकवा, तोलापुरती. भार दांडीवर गेला की हृदयाला काम कमी पडतं आणि तुम्ही आहात त्यापेक्षा जास्त तंदुरुस्त दिसता.

त्यानंतर ट्रेडमिल घराघरांत गेली. अमेरिकेत १९६८ मध्ये केनेथ कूपर या डॉक्टरचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं, ते वाचून विल्यम स्टॉब या इंजिनिअरने घरगुती स्वस्त ट्रेडमिल बनवली. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, बऱ्याच घरांत तिच्यावर आता कपडे वाळत असतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. तुम्ही दिवसभरात सरळ रेषेत किती चालता? स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रीजकडे, तिथून वळून टेबलाकडे. बाथरूममध्ये वळायचं, दार ओढताना एक पाऊल मागे. रस्त्यावर खड्डा चुकवायला बाजूला. वयस्कर माणसं सरळ चालताना पडतात, तशी वळताना, मागे सरकताना, उठून पहिलं पाऊल टाकतानाही पडतात. वळताना पडलेला माणूस बहुतेक वेळा बाजूवर पडतो आणि सगळा मार खुब्यावर बसतो. खुबा मोडला की पुढे काय होतं, ते ज्यांच्या घरी घडलंय त्यांना सांगायला नको. साध्या ट्रेडमिलला यातलं काहीच येत नाही. तिला फक्त ‘पुढे’ कळतं.

ही अडचण डॉक्टरांच्या आधी संगणकवाल्यांना टोचली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेड ब्रूक्स आणि त्यांचे सहकारी अजून बांधल्या न गेलेल्या इमारतीत संगणकावर फेरफटका मारायची सोय करत होते. चालण्यासाठी त्यांनी ट्रेडमिल घेतली. पण वळायचं कसं? त्यांनी पट्ट्यावर सायकलसारखं हँडल बसवलं! पाय चालतात आणि हात वळवतात. हसू येईल, पण अडचण किती खरी होती ते यातून कळतं.

उत्तर दोन ठिकाणी जवळजवळ एकाच काळात निघालं. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठात हिरो इवाता यांनी डझनभर छोट्या ट्रेडमिल शेजारी-शेजारी जोडल्या आणि ती अख्खी माळच आडव्या दिशेने फिरवली. प्रत्येक पट्टा पुढे-मागे सरकतो, माळ डावी-उजवीकडे सरकते. दोन्ही हालचाली मिळून कुठलीही तिरकी दिशा साधते. अमेरिकेत डेव्हिड कारमीन यांनी लष्कराच्या पायदळ प्रशिक्षणासाठी एकावर एक, काटकोनात असे दोन पट्टे बसवले. वरचा पट्टा हजारो छोट्या रोलरचा विणलेला. खालचा पट्टा त्या रोलरना फिरवतो, म्हणून पाय आडव्या दिशेलाही सरकतो. १९९७ मध्ये यावर शोधनिबंध आला. सरळ, बेताने चालणं छान जमायचं. पण माणूस अचानक वळला किंवा थबकला की पट्ट्याची ओढ आणि माणसाचा तोल यांचा मेळ बसत नसे.

हा मेळ का बसत नाही, हे समजायला तुमच्या कानात डोकवावं लागेल. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी दोन प्रकारची यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं वळलं की सांगतात. दोन छोट्या पिशव्यांत कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. शरीराचा सरळ रेषेतला वेग वाढला किंवा कमी झाला की ते मागे-पुढे ओढले जातात आणि मेंदूला निरोप जातो. इथे एक गंमत आहे. एकसारख्या वेगाने सरळ चालत असाल तर या पिशव्यांच्या दृष्टीने जमीन आणि पट्टा यांत फारसा फरक नसतो. एसटी एका वेगाने चालली असेल तर डोळे मिटल्यावर ती चाललीय हे फक्त गचक्यांवरून कळतं, तसंच. फरक कळतो सुरू करताना आणि थांबताना.

जमिनीवर पहिलं पाऊल टाकलं की शरीर पुढे झेपावतं. पट्ट्यावर पाऊल टाकलं आणि पट्टा लगेच तेवढाच मागे सरकला, तर शरीर झेपावतच नाही. हेडसेटमधले डोळे म्हणतात ‘निघालो’, पाय म्हणतात ‘निघालो’, कान म्हणतात ‘कुठे निघालो? इथेच तर आहोत.’ मेंदू गोंधळतो. मग मळमळ, घाम, चक्कर. घाटात गाडी लागते तोच प्रकार, फक्त उलट्या बाजूने: घाटात कानाला हालचाल कळते आणि मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोळ्यांना कळत नाही.

थांबणं तर आणखी अवघड. तुम्ही थबकलात आणि यंत्राने झटक्यात पट्टा थांबवला तर तोंडावर पडाल. हळू थांबवला तर तुम्ही उभे असताना जमीन तुम्हाला मागे ओढत राहील.

युरोपातल्या ‘सायबरवॉक’ प्रकल्पाने २००५ ते २००८ या काळात यावर सरळ उपाय केला: जागा वाढवली. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत त्यांनी २५ पट्ट्यांची माळ असलेलं, सुमारे ११ टन वजनाचं यंत्र उभं केलं. एवढ्या जागेत माणसाला आधी दोन पावलं खरीखुरी पुढे जाऊ द्यायचं, म्हणजे कानाचं समाधान होतं. नंतर पट्टा इतक्या हळू वेग घेतो की त्याला मध्यावर आणलं जातंय हे त्याच्या लक्षात येत नाही. वळणाचा प्रश्न तर आपोआप सुटतो, कारण इथे माणूस स्वतःच्या पायांवर खरोखर वळतो आणि कानातल्या नळ्यांना खरं वळण मिळतं. हातातल्या बटणाने वळण्यापेक्षा हे शरीराला कितीतरी मानवतं.

याच संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक मजेदार गोष्ट सिद्ध केली. अनोळखी रानात किंवा सहारा वाळवंटात, सूर्य-चंद्र दिसत नसताना, ‘सरळ चालत राहा’ म्हटलं तर माणूस खरोखरच गोल फिरून पुन्हा आपल्याच वाटेवर येतो. आपल्याकडे ‘चकवा लागला’ म्हणतात तो हाच. कान आणि पाय यांच्या छोट्या-छोट्या चुका साठत जातात आणि डोळ्यांना खूण मिळाली नाही तर त्या दुरुस्त होत नाहीत. अंधारात बाथरूमला जाताना म्हाताऱ्या माणसाला रात्रीचा दिवा का हवा, त्याचं हे एक कारण.

पण ११ टनांचं यंत्र कोण विकत घेणार? म्हणून बाजारात आली ती वेगळीच वस्तू. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्हर्चुइक्स ओम्नी’ने लोकांकडून इंटरनेटवर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. हिच्यात पट्टाच नाही. परातीसारखा खोलगट, गुळगुळीत तळ, खास निसरडे बूट आणि कमरेभोवती कडं. तुम्ही पाऊल टाकता आणि ते घसरून मध्याकडे परत येतं. गेमिंग पार्लरमध्ये दिसतात ती बहुतेक याच जातीची. करमणूक म्हणून ठीक, पण हे चालणं नव्हे. खऱ्या चालण्यात टाच टेकते, भार पुढे सरकतो, अंगठा जमीन ढकलतो. इथे पाय घसरतो आणि कमर कड्यावर रेलते. ज्याला तोल परत शिकायचाय त्याला आपण नेमका घसरण्याचा सराव देऊन बसू.

खऱ्या पट्ट्यांवरही काम चालू आहे. ‘इन्फिनाडेक’ नावाची मोटारवर चालणारी सर्व दिशांची ट्रेडमिल २०१८ च्या ‘रेडी प्लेअर वन’ या चित्रपटात दिसली. जानेवारी २०२४ मध्ये डिस्नेचे लॅनी स्मूट यांनी ‘होलोटाइल’ दाखवली: छोट्या गोल चकत्यांची फरशी, जिच्यावर एकाच वेळी अनेक माणसं वेगवेगळ्या दिशांना चालतात आणि कुणीच खाली उतरत नाही. तुरुंगातलं चाक माणसाला पळवत होतं, इथे फरशी प्रत्येकाच्या पावलाकडे बघून हलते.

मग आजोबांचं काय? आभासी जगाचा उपयोग पडणं कमी करण्यासाठी होतो का, हे तपासलं गेलंय, आणि ते साध्या ट्रेडमिलवर. ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ साली आलेल्या पाच देशांतल्या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या, आधी पडलेल्या ३०२ जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर चालवलं. निम्म्यांना नुसतं. निम्म्यांच्या समोर पडदा होता, त्यावर त्यांचेच पाय दिसत होते आणि वाटेत अडथळे, फाटे, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी येत होत्या. पुढच्या सहा महिन्यांत पडद्यावाल्यांचं पडण्याचं सरासरी प्रमाण ११.९ वरून ६.० वर आलं. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं १०.७ वरून ८.३ वर. फायदा झाला तो पायांना आणि मेंदूला एकत्र काम दिल्यामुळे, आणि त्याला डोळ्यांवर हेडसेट लागला नाही की चहूकडे सरकणारी फरशीही लागली नाही. सर्व दिशांच्या ट्रेडमिलवर असा सराव देऊन म्हाताऱ्यांचं पडणं कमी होतं, असं छातीठोकपणे सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.

म्हणून आजोबांना आधी दवाखान्यात आणा, मॉलमध्ये नको. तोल जाण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात: साखरेने बधिर झालेले तळवे, उभं राहताच खाली येणारा रक्तदाब, कानातले ते कण जागा सोडून नळीत शिरणं, मोतीबिंदू, झोपेची गोळी. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, दोन्ही बाजूंना दांडी आणि अंगाला आधाराचा पट्टा बांधून ट्रेडमिलवरचा सराव जरूर सुरू करा, आणि त्याच्या जोडीला घरातल्या जमिनीवर वळण्याचा, मागे पाऊल टाकण्याचा.

तरुणांनी हौस म्हणून व्हीआरची ट्रेडमिल जरूर करून पाहावी. फिट येण्याचा त्रास, हृदयविकार, गरोदरपण किंवा चक्करेचा आजार असेल तर आधी विचारा. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. आणि उतरल्यावर लगेच दुचाकीला किक मारू नका. पट्ट्यावर काही वेळ चाललं की ‘पाय हलवले तरी आपण जागेवरच’ असा नवा हिशोब मेंदू मांडतो, म्हणून खाली उतरून पहिली काही पावलं टाकताना आपण नेहमीपेक्षा जोरात पुढे ढकलले जातोय असं वाटतं. हे टीएमटीनंतरही होतं. दांडी धरून दोन मिनिटं उभे राहा, मग चला.